विश्लेषण : इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप बदलायचा? खर्च करण्याआधी काय तपासावे, कोणता निवडावा?

गणेशोत्सव जवळ आला की सातारा आणि सांगली जिल्ह्यांत बेंजो पार्ट्यांच्या सुपाऱ्या ठरू लागतात. पुढे दिवाळीनंतर गावोगावच्या यात्रा आणि त्यांतले ऑर्केस्ट्रा सुरू होतात. कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडच्या जोडीला या ताफ्यांत इलेक्ट्रिक गिटारही दिसते. ‘गिटारचा आवाज मागे पडतो’, ‘सारखी गूं गूं येते’, ‘आवाज चिरका लागतो’ अशा तक्रारी झाल्या की वादकाला हमखास एक सल्ला मिळतो : पिकअप बदल.

हा सल्ला स्वस्त नाही. नामांकित परदेशी कंपनीच्या तीन पिकअपच्या संचाची किंमत अनेकदा नवशिक्याच्या अख्ख्या गिटारपेक्षा जास्त असते. ऑनलाइन मागवलेला पिकअप विकत घेण्याआधी ऐकून पाहता येत नाही आणि एकदा सोल्डर करून बसवला की तो परत करणे अवघड. त्यामुळे बिघाड खरोखर पिकअपमध्येच आहे का आणि असेल तर कोणता पिकअप घ्यायचा, हे दोन प्रश्न पैसे भरण्याआधी सुटायला हवेत.

पिकअप म्हणजे नेमके काय?

पिकअप हा माइक नाही. माइक हवेतला आवाज टिपतो. गिटारचा चुंबकीय पिकअप पोलादी तारेची हालचाल टिपतो. तारांखालच्या त्या लांबट डबीत मुख्यतः दोनच गोष्टी असतात : चुंबक आणि त्याभोवती गुंडाळलेली तांब्याची बारीक तार. चुंबकामुळे वरची पोलादी तारही चुंबकित होते. ती थरथरली की गुंडाळीतून जाणारे चुंबकीय क्षेत्र कमी-जास्त होते आणि गुंडाळीत अतिशय क्षीण विद्युत संकेत तयार होतो. मायकेल फॅरेडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिलेले हे तत्त्व. सायकलचा डायनॅमो याच तत्त्वावर दिवा पेटवतो.

गिटारमध्ये हे तत्त्व १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला आले. अमेरिकेत जॉर्ज बीचम आणि अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांनी तव्यासारख्या दिसणाऱ्या ‘फ्राइंग पॅन’ गिटारमध्ये चुंबकीय पिकअप वापरला. त्याचे पेटंट १९३७ मध्ये मिळाले.

तांब्याच्या तारेचे वेढे हा सांगलीकरांना अनोळखी विषय नाही. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी १९१० मध्ये वसवलेली किर्लोस्करवाडी याच जिल्ह्यात आहे आणि उसाच्या पट्ट्यात पाण्याची मोटार जळाली की रिवायंडिंगचे दुकान गाठणे नेहमीचेच. फरक आहे तो तारेच्या जाडीचा. पिकअपमधली तार साधारण ०.०६३ मिलिमीटर, म्हणजे केसाइतकी बारीक असते आणि फेंडर स्ट्रॅटोकास्टर पद्धतीच्या एका पिकअपवर तिचे सुमारे आठ हजार वेढे असतात. वेढे किती, तार किती जाड, चुंबक कोणता आणि गुंडाळी उंच की पसरट, यांवर पिकअपचा आवाज ठरतो.

मिरजेच्या सतारीला हा पिकअप का चालत नाही?

पिकअप काय ‘ऐकतो’ आणि काय ऐकत नाही, हे समजून घ्यायला मिरजेइतके चांगले ठिकाण नाही. शस्त्रे घडवणाऱ्या शिकलगार कुटुंबांतल्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकात इथे तंतुवाद्ये बनवायला सुरुवात केली. फरीदसाहेब सतारमेकर हे त्यातले आद्य नाव. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले.

सतारीच्या सगळ्या तारा पोलादी नसतात. बाजाची तार पोलादी असते, तर जोड आणि खर्जाच्या तारा पितळी किंवा ब्राँझच्या असतात. पितळ आणि ब्राँझ चुंबकाला चिकटत नाहीत. गिटारचा पिकअप सतारीखाली धरला तर पोलादी तारा ठणठणीत ऐकू येतात आणि खर्ज जवळपास गायब होतो. दुसरी अडचण भोपळ्याची. सतारीच्या आवाजाला घुमारा येतो तो भोपळा आणि तबली यांच्या कंपनातून. चुंबकीय पिकअपला ते कंपन थेट टिपता येत नाही. म्हणून सतार किंवा तानपुऱ्यासाठी माइक वापरतात किंवा लाकडाला चिकटवायचा पिझो पिकअप. पिझो स्फटिकावर दाब पडला की वीज तयार होते. त्यामुळे त्याला तार कोणत्या धातूची याच्याशी देणेघेणे नसते.

‘इलेक्ट्रिक सतार’ म्हणून १९६७ मध्ये अमेरिकेत आलेले कोरल कंपनीचे वाद्य प्रत्यक्षात गिटारच होते. पोलादी तारा, गिटारचेच पडदे आणि जवारीसारखा झणझणाट देणारी पसरट घोडी. म्हणूनच त्याला चुंबकीय पिकअप चालले.

गिटारवादकासाठी यातून एक साधा नियम निघतो. अकूस्टिक गिटारच्या ब्राँझ वेटोळ्याच्या तारा इलेक्ट्रिक गिटारवर चढवू नयेत. तसे केले तर खालच्या जाड तारा दबतात, वरच्या दोन बारीक पोलादी तारा टोचतात आणि दोष विनाकारण पिकअपवर येतो.

मग बेंजोला कसा चालतो?

मिरवणुकीतला बेंजो हा पाश्चात्त्य, कातडे ताणलेला बँजो नव्हे. त्याचे मूळ जपानी तायशोगोतो या वाद्यात आहे. नागोयाच्या गोरो मोरिता यांनी १९१२ मध्ये ते तयार केले आणि भारतात ते बुलबुल तरंग म्हणून रुजले. टंकलेखन यंत्रासारख्या कळा दाबायच्या आणि दुसऱ्या हाताने तारा छेडायच्या. महाराष्ट्रात हेच वाद्य ‘बेंजो’ झाले. रवी जाधव यांनी २०१६ मध्ये त्यावर ‘बँजो’ नावाचा हिंदी चित्रपटही केला.

बेंजोच्या मुख्य तारा पोलादी असतात, म्हणून त्याला चुंबकीय पिकअप उत्तम चालतो. त्याची जागा आणि काम ठरलेले असते : ढोल-ताशा, ऑक्टोपॅड आणि भोंग्यांच्या गोंगाटातून चाल पुढे काढायची. म्हणजे त्याला मधल्या पट्टीत धारदार आवाज लागतो. याच ताफ्यात गिटारवादक बेंजोसारखाच धारदार पिकअप बसवतो तेव्हा दोन्ही वाद्ये एकाच पट्टीत भांडतात आणि शेवटी बेंजोच ऐकू येतो. एकट्याने घरी वाजवताना सुंदर वाटणारा पिकअप ताफ्यात हरवतो, त्याचे हे एक मोठे कारण. निवड करताना ‘चांगला कोणता’ असे विचारण्याऐवजी ‘या ताफ्यात गिटारचे काम काय’ असे विचारणे अधिक उपयोगी.

पिकअप बदलण्याआधी काय तपासावे?

पाच गोष्टी, बहुतेक बिनपैशाच्या.

पहिली, तारा. गंजलेल्या, घामट तारांचा आवाज कोणत्याही पिकअपमधून मंदच येणार. नवा संच चढवून एक दिवस वाजवून पाहावे.

दुसरी, पिकअपची उंची. दोन्ही बाजूंचे स्क्रू फिरवून पिकअप वर-खाली करता येतो. सिंगल कॉइल पिकअपसाठी तार शेवटच्या पडद्यावर दाबून धरावी आणि तारेच्या खालच्या बाजूपासून पिकअपपर्यंतचे अंतर मोजावे. जाड तारेकडे सुमारे २.४ आणि बारीक तारेकडे २ मिलिमीटर ही सुरुवात म्हणून चांगली जागा. पिकअप फार खाली असेल तर आवाज अशक्त येतो. फार वर असेल तर चुंबक तारेला ओढतो. सूर नीट लावूनही वरच्या पडद्यांवर तो डगमगतो. अर्ध्या फेऱ्याने होणारा बदल थेट ऐकू येतो.

तिसरी, जॅक आणि नॉब. नॉब फिरवताना खरखर येत असेल किंवा केबल हलवली की आवाज जात असेल तर दोष पिकअपचा नाही. कॉन्टॅक्ट क्लीनरचा फवारा किंवा नवा जॅक एवढ्यात काम भागते.

चौथी, केबल. हा मुद्दा यात्रेच्या मोठ्या स्टेजवर हमखास येतो. गिटारच्या केबलमध्ये प्रत्येक मीटरला साधारण १०० पिकोफॅरड इतकी धारिता असते. ती पिकअपच्या गुंडाळीशी मिळून एक ठरावीक कंप्रता उचलून धरते आणि तिच्या वरचे तीव्र स्वर कापते. स्ट्रॅट पद्धतीच्या पिकअपला ३ मीटरची केबल लावली तर ही सीमा सुमारे ५,००० हर्ट्झवर असते. १० मीटरची लावली तर ती ३,१०० हर्ट्झच्या आसपास उतरते. घरी चमकदार वाटणारी गिटार स्टेजवर ‘घोंगडीत गुंडाळल्यासारखी’ वाटते ती यामुळे. उपाय म्हणजे छोटी केबल किंवा गिटारजवळ ठेवलेला बफर पेडल.

पाचवी, अ‍ॅम्प्लिफायर. तीच गिटार दुसऱ्या, चांगल्या अ‍ॅम्पला लावून ऐकावी. तिथे आवाज समाधानकारक असेल तर पैसे कुठे घालायचे ते आपोआप कळते.

सिंगल कॉइल आणि हमबकर यांत फरक काय?

सिंगल कॉइल म्हणजे एकच गुंडाळी. आवाज मोकळा, खणखणीत, प्रत्येक तार सुटी ऐकू येते. मात्र तीच गुंडाळी आसपासच्या वायरिंगमधला, ट्रान्सफॉर्मरमधला ५० हर्ट्झचा गुणगुणाटही पकडते.

यावर गिब्सन कंपनीचे अभियंता सेथ लव्हर यांनी १९५५ मध्ये उपाय काढला. दोन गुंडाळ्या शेजारी ठेवल्या. दोन्हींचे चुंबकीय ध्रुव एकमेकांच्या उलट आणि वेढ्यांची दिशाही उलट. बाहेरचा गुणगुणाट दोन्हींत येतो, पण उलट जोडणीमुळे एकमेकाला मारतो. तारेचा संकेत मात्र दोनदा उलटा होऊन पुन्हा सुलटा होतो आणि दोन्हींची बेरीज होते. ‘हम’ला रोखणारा म्हणून हा हमबकर. आवाज जाडसर, भरलेला. वरचे स्वर थोडे मऊ.

या दोहोंच्या मध्ये १९४६ चा पी-९० येतो. गुंडाळी एकच, पण रुंद आणि जास्त वेढ्यांची. आवाज सिंगल कॉइलपेक्षा भरीव; गुणगुणाट मात्र कायम.

तीन सिंगल कॉइल असलेल्या अनेक गिटारमध्ये मधला पिकअप उलट वेढ्यांचा आणि उलट ध्रुवाचा असतो. पाच जागांचा सिलेक्टर दुसऱ्या किंवा चौथ्या जागी ठेवला की दोन पिकअप मिळून हमबकरसारखेच काम करतात आणि गुणगुणाट थांबतो. नवीन पिकअप घेण्याआधी ही सोय स्वतःच्या गिटारमध्ये आहे का, हे ऐकून पाहण्यासारखे आहे.

मांडवातली ‘गूं गूं’ कशी ओळखायची?

सगळे आवाज एकसारखे नसतात. वादकाने जागेवर उभे राहून गिटारसह हळूहळू गोल फिरावे. फिरताना गुणगुणाट कमी-जास्त झाला तर तो चुंबकीय आहे. त्याला उपाय म्हणजे हमबकर किंवा बिनगुणगुणाटाचा सिंगल कॉइल, अथवा ट्रान्सफॉर्मरपासून दूर उभे राहणे. गिटारच्या पोकळीत तांब्याची पट्टी चिकटवून हा आवाज जात नाही.

तारांना हात लावताच जी तीव्र खरखर कमी होते ती मात्र वेगळी. ती दिव्यांच्या डिमरमधून, एलईडीच्या वीजपुरवठ्यातून, मोबाइल चार्जरमधून येते. तिच्यावर तांब्याच्या पट्टीचे आवरण चांगले काम करते आणि त्याचा खर्च नव्या पिकअपच्या मानाने किरकोळ असतो.

तिसरा प्रकार, कीबोर्ड, मिक्सर आणि गिटारचा अ‍ॅम्प वेगवेगळ्या बोर्डांवर लावल्यामुळे येणारा गुणगुणाट. सगळे एकाच बोर्डवर आणावे किंवा ग्राउंड-लिफ्टची सोय असलेला डीआय बॉक्स वापरावा.

अर्थिंगची पिन का मोडू नये?

गुणगुणाट घालवायला प्लगची तिसरी पिन मोडण्याचा किंवा तीन पिनी प्लग दोन पिनी सॉकेटमध्ये बसवण्याचा ‘जुगाड’ अनेक ठिकाणी केला जातो. तो जिवावर बेतू शकतो. पारंपरिक इलेक्ट्रिक गिटारच्या तारा घोडीखालच्या वायरने अ‍ॅम्पच्या धातूच्या सांगाड्याशी जोडलेल्या असतात. अ‍ॅम्पमध्ये बिघाड होऊन सांगाड्यात वीज उतरली आणि अर्थिंग नसेल, तर ती वीज थेट वादकाच्या बोटांपर्यंत येते. त्याच वेळी ओठ माइकला लागले की शरीरातून मार्ग पूर्ण होतो. ‘स्टोन द क्रोज’ या स्कॉटिश बँडचे गिटारवादक लेस्ली हार्वे यांचा १९७२ मध्ये स्वॉन्झीच्या कार्यक्रमात माइकला हात लागून विजेच्या धक्क्याने मृत्यू झाला. तेव्हाही अर्थिंग सदोष होते.

पावसाळी मांडव, ओली जमीन आणि जनरेटर एकत्र आले की धोका वाढतो. जनरेटरला जमिनीत ठोकलेली अर्थिंगची सळई असावी, बोर्डवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा आणि माइकला स्पर्श होताना हलकीशी जरी मुंगी आली तरी वाजवणे थांबवून वायरमनला बोलवावे. नवा पिकअप इथे कामाचा नाही.

पाकिटावरचा ‘किलोओहम’ किती महत्त्वाचा?

पिकअपच्या जाहिरातीत रोधाचा आकडा ठळक असतो. स्ट्रॅट पद्धतीचे सिंगल कॉइल साधारण ५.५ ते ७ किलोओहम, जुन्या पद्धतीचे हमबकर ७.५ ते ९ आणि जोरकस हमबकर १३ ते १६ किंवा त्याहूनही जास्त. आकडा मोठा म्हणजे आवाज मोठा, असा समज पसरलेला आहे. तो अर्धाच खरा.

वेढे वाढले की रोध वाढतो हे खरे. पण तार बारीक घेतली तरी रोध वाढतो. ४२ ऐवजी ४३ गेजची तार वापरली तर तेवढ्याच लांबीत रोध सुमारे पाव पट जास्त भरतो, जोर मात्र तेवढा वाढत नाही. तापमानाचाही फरक पडतो. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्क्याने बदलतो. महाबळेश्वरच्या थंडीत १० अंशांवर ८ किलोओहम दाखवणारा पिकअप सांगलीच्या उन्हाळ्यात ४० अंशांवर जवळपास ९ दाखवेल. पिकअप तोच, आवाजही जवळपास तोच.

म्हणून या आकड्याचा उपयोग एकाच कंपनीच्या, एकाच प्रकारच्या पिकअपची आपसात तुलना करण्यापुरता आणि पिकअप जिवंत आहे की मेला, हे पाहण्यापुरता ठेवावा.

चुंबकाबद्दलही थोडे. अ‍ॅल्निको म्हणजे अ‍ॅल्युमिनियम, निकेल आणि कोबाल्ट यांचा लोहमिश्रित धातू. अ‍ॅल्निको २ मऊ, अ‍ॅल्निको ५ अधिक ताकदीचा आणि चमकदार. सिरॅमिक चुंबक स्वस्त आणि जोरदार. ‘स्वस्त म्हणून वाईट’ हा शिक्का मात्र चुकीचा, कारण अनेक नामांकित जोरकस पिकअपमध्ये सिरॅमिकच असतो.

कोणत्या कामाला कोणता पिकअप?

ऑर्केस्ट्रात जुनी हिंदी-मराठी गाणी, लावणी, भावगीते अशी सगळी फर्माईश एकाच रात्री पुरवायची असेल तर मानेकडे आणि मध्ये सिंगल कॉइल, घोडीकडे हमबकर ही मांडणी सर्वांत सोयीची. कॉर्ड धरायला स्वच्छ आवाज मिळतो आणि सुरावट वाजवताना भरीव.

बेंजोसोबत मिरवणुकीत वाजवायचे असेल तर घोडीकडे मध्यम जोराचा हमबकर बरा. बेंजोच्या धारेखाली गिटारला स्वतःची जागा मिळते. डॉल्बीच्या भिंतीसमोर उभे राहायचे असेल तर पिकअप मेणात बुडवलेला आहे का, हे विचारावे. गुंडाळीत मेण मुरवलेले नसेल तर मोठ्या आवाजात तिचे वेढेच थरथरतात आणि कर्कश शिट्टी सुरू होते.

रॉक किंवा मेटलसाठी जोरकस सिरॅमिक हमबकर किंवा ९ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे अ‍ॅक्टिव्ह पिकअप. अ‍ॅक्टिव्हला गुणगुणाट फार कमी, लांब केबलचाही त्रास कमी. पण त्याला साधारण २५ किलोओहमचे वेगळे नॉब लागतात, गिटारमध्ये बॅटरीसाठी जागा लागते आणि ऐन कार्यक्रमात बॅटरी संपू शकते.

जिथे माइकसमोर एकटी गिटार आणि गायक असा कार्यक्रम असेल तिथे कमी जोराचे जुन्या पद्धतीचे सिंगल कॉइल बहुधा सगळ्यांत गोड लागतात.

मागवण्याआधी कोणती मापे घ्यावीत?

हमबकरच्या दोन टोकांच्या खांबांतले अंतर गिटारनुसार बदलते : गिब्सन पद्धतीत साधारण ४९-५० मिलिमीटर, फेंडर पद्धतीच्या घोडीजवळ ५२-५३. चुकीचे घेतले तर कडेच्या तारा खांबांच्या बाहेर जातात. घोडीजवळ तारेचा झोका लहान असतो, त्यामुळे तिथला पिकअप जास्त वेढ्यांचा बनवतात. ‘नेक’चा पिकअप ‘ब्रिज’ला बसवला तर आवाज अशक्त येतो. पोकळीची खोली मोजावी. सिंगल कॉइलच्या जागी हमबकर बसवायचा असेल तर लाकूड कोरावे लागते किंवा सिंगल कॉइलच्या मापाचा हमबकर घ्यावा लागतो.

नॉब म्हणजे पोटेन्शिओमीटरही पाहावेत. सिंगल कॉइलला सहसा २५० किलोओहम, हमबकरला ५०० किलोओहम. हमबकर २५० वर लावला तर तो गरजेपेक्षा मंद वाटतो. आधी हे नॉब पाहिले तर कधी कधी ‘मंद’ पिकअप बदलण्याची गरजच उरत नाही.

दोन कंपन्यांचे पिकअप एकत्र करताना फेजचा प्रश्न येतो. दोन्ही एकदम लावल्यावर आवाज पातळ, नाकातून आल्यासारखा झाला तर ते एकमेकांविरुद्ध जोडले गेले आहेत. एका पिकअपच्या दोन वायरींची अदलाबदल केली की ते सुटते; त्याआधी धातूच्या आवरणाची वायर वेगळी आहे ना, हे पाहावे. चार वायरींच्या हमबकरमध्ये रंगांचा अर्थ कंपनीनुसार वेगळा असतो. त्या त्या कंपनीचाच नकाशा समोर ठेवावा.

पुरात भिजलेला किंवा बंद पडलेला पिकअप टाकून द्यावा का?

कृष्णेच्या २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी सांगलीत अनेक घरांत पाणी शिरले. भिजलेल्या इलेक्ट्रिक गिटारमध्ये लाकूड वाचले तरी पिकअप काही महिन्यांनी बंद पडू शकतो, कारण केसाएवढ्या तांब्याच्या तारेला हिरवा गंज चढून ती एखाद्या ठिकाणी तुटते. साताऱ्याच्या पश्चिम पट्ट्यातली पावसाळी दमट हवाही हेच काम सावकाश करते.

तपासणी सोपी आहे. मल्टिमीटर २० किलोओहमच्या पट्टीवर ठेवून पिकअपच्या दोन वायरींना लावावा. अपेक्षेच्या जवळपासचा आकडा आला तर गुंडाळी शाबूत. काहीच आकडा आला नाही तर ती तुटली आहे. अपेक्षेपेक्षा फारच कमी आला तर आत वेढे एकमेकांना चिकटले आहेत. पिकअप न काढता जॅकमधून मोजायचे असेल तर नॉब पूर्ण उघडा ठेवावा. ८ किलोओहमचा पिकअप २५० च्या नॉबसह सुमारे ७.७५ दाखवतो, तो दोष नव्हे.

अनेकदा तुटलेले टोक अगदी बाहेरच्या सोल्डरपाशी असते आणि भिंगाखाली जोडता येते. आतून तुटलेली गुंडाळी पुन्हा भरता येते. मात्र मोटार भरणाऱ्या प्रत्येक दुकानात ते होईलच असे नाही, कारण इतक्या बारीक तारेला ताण मोजून द्यावा लागतो. पिकअप भरून देणाऱ्या कारागिराकडे पाठवताना चुंबक आणि खांब जपून द्यावेत. स्वस्त पिकअप भरून घेण्यापेक्षा नवा घेणे परवडते. जुना, मूळ गिटारसोबतचा पिकअप असेल तर भरून घेणे योग्य.

तिन्ही एकदम बदलावेत का?

नाही. तारा, उंची, नॉब, केबल आणि अर्थिंग तपासूनही तक्रार उरली तर आधी घोडीकडचा एकच पिकअप बदलावा. सुरावटीचे काम तोच करतो आणि कमी दर्जाच्या गिटारमध्ये चिरका लागतो तोही तोच. जुना पिकअप फेकू नये. नवा आवडला नाही तर गिटार पुन्हा मूळ स्थितीत आणता येते आणि विकताना किंमतही टिकते.

महिनाभर दोन-तीन कार्यक्रमांत वाजवून, ध्वनिमुद्रण करून ते प्रेक्षकांच्या जागेवरून ऐकावे. त्यानंतरच उरलेल्या दोन पिकअपचा विचार करावा. दुकानदाराला विचारताना ‘सर्वांत चांगला कोणता’ असे न विचारता चार गोष्टी सांगाव्यात : गिटारचे मॉडेल, खांबांतले अंतर, नॉब किती किलोओहमचे आणि गिटार कोणत्या वाद्यांसोबत, किती मोठ्या जागेत वाजणार. या चार उत्तरांवर चुकीचे निम्मे पर्याय तिथेच गळून पडतात.